बारा फुटांत पातालपाणीचा घाट

आमच्या इंदूरच्या कॉलनीत गणपतीच्या देखाव्यासाठी पातालपाणीच्या घाटातल्या मीटरगेज रेल्वेचं, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेल्या लाइनचं, मॉडेल करायचं ठरलं आणि पहिलं भांडण मापावरून झालं. आपल्याकडे त्यातल्या त्यात सहज मिळतात ते एचओ गेजचे रूळ, दोन रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. मुळात ते परदेशातल्या ४ फूट साडेआठ इंची लाइनसाठी, १:८७ या प्रमाणात बनवलेले. पण हजार मिलिमीटरला साडेसोळाने भागलं की उत्तर साठच्या आसपास येतं. म्हणजे रूळ तेच ठेवायचे आणि इंजिन, डबे, बोगदा, माणसं सगळं १:६० मध्ये करायचं, की झालं मीटरगेज. माझ्या दिराला हे पटेना. त्याच्याकडे १:८७ मधले दोन तयार अमेरिकन मालडबे होते आणि त्यांच्यावर त्याचा भारी जीव. मी म्हटलं, "अरे, हे डबे कालाकुंडाच्या घाटात उभे केलेस तर आपली म्हातारी मंडळी दारातच पकडतील. निम्मं आयुष्य काढलंय त्यांनी त्या लाइनवर."

ते खरंच होतं. आमच्या कॉलनीत निम्मी घरं अशी, की ज्यांचं कोणी ना कोणी खंडव्याला, अकोल्याला नाहीतर वाशिमला. लग्नकार्य असो की दिवाळी, महूपर्यंतचा सपाट प्रवास संपला की पातालपाणी, मग घाट, कालाकुंड, आणि पुढे निमाड. ही लाइन घालायला दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज दिलं होतं. ही गोष्ट इंदूरच्या मराठी माणसाला सहसा सांगावी लागत नाही, तोच तुम्हाला सांगतो. २०२३ मध्ये महूच्या पुढची मीटरगेज वाहतूक रुंदीकरणासाठी थांबली. ब्रॉडगेजची नवी लाइन वेगळ्या वाटेने जाणार. जुन्या घाटात उरली ती पातालपाणी-कालाकुंड पर्यटकांची गाडी, जी २०१८च्या डिसेंबरात सुरू झाली होती. म्हणून गणपतीच्या देखाव्याच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा फारशी वादावादी झाली नाही. एक-दोघांनी "त्यापेक्षा रोषणाई करा, लोक लांबून बघतात" असं म्हणून पाहिलं, तेवढंच.

मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात इमारतींची मॉडेलं करते, त्यामुळे कटर, माउंट बोर्ड, ॲक्रिलिक हे रोजचं. पण इमारतीचं मॉडेल काचेच्या पेटीत गप्प बसतं. देखाव्यातल्या गाडीला रोज संध्याकाळी चार-पाच तास धावायचं होतं, तेही पोरांच्या गर्दीत, ढोल-ताशांच्या दणदणाटात, भादव्यातल्या दमट हवेत. एकदाच छान दिसणं आणि दहा दिवस चालत राहणं, यांतलं एकच जमणार असेल तर चालणं आधी, हे मी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवलं.

चार फूट बाय दोन फुटांचे तीन भाग करायचे ठरले. डावीकडे बोगदा आणि डोंगर, मध्ये दरी आणि पूल, उजवीकडे पातालपाणी स्टेशन आणि खाली धबधबा. चार बाय दोन का, तर तेवढा तुकडा जिन्यावरून दोघांना नेता येतो आणि तिन्ही मिळून छोट्या हत्तीत, म्हणजे छोट्या टेम्पोत, मावतात. चौकट नऊ मिलिमीटरच्या प्लायची, खाली आडव्या पट्ट्या. सुताराने विचारलं, "इतना सीधा काट के करना क्या है?" चौकटीचं टोक काटकोनात नसेल तर दोन भागांच्या सांध्यावर रूळ जुळत नाहीत, हे समजावायला मी खऱ्या रुळांचे दोन तुकडे त्याच्या हातात दिले आणि केसभर सरकवून दाखवले. त्यानंतर त्याने गुण्या घेऊन जे माप धरलं, त्याला तोड नाही.

सांध्यावर नुसते नट-बोल्ट भागत नाहीत. बोल्ट घट्ट आवळतात, पण जागेवर आणत नाहीत. त्यासाठी लाकडी खुंट्या घातल्या, म्हणजे दरवेळी तुकडे एकाच जागी येतात. रूळ घालतानाही आधी तिन्ही भाग जोडून बोल्ट आवळले, सांध्यावरून रूळ सलग टाकले, टोकाशी पितळी स्क्रू बसवून रूळ त्यांना डाक देऊन, म्हणजे सोल्डरने, पक्के केले आणि मग बारीक करवतीने सांध्यावर कापले. ही सगळी खटपट कोणाला दिसत नाही. पण गाडी सांध्यावर उडी मारून पडली तर सगळ्यांना दिसतं.

घाटाचा चढ चाळीसात एक आहे. चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. आमच्या हिशेबात आठ फुटांत सहा सेंटिमीटर. ऐकायला काहीच नाही, पण मॉडेलचं इंजिन जेमतेम पाव किलोचं, त्याला तो चढ म्हणजे चढच. शिवाय सपाट रूळ एकदम चढाला लागले तर डब्यांचे हुक तिथे सुटतात. म्हणून चढाची सुरुवात आणि शेवट हळूहळू वळवला, खाली जाड पुठ्ठ्याच्या पाचरी देऊन. बोगद्याचं तोंड किती रुंद ठेवायचं हे कागदावर काढण्यापेक्षा सोपी युक्ती आहे. सगळ्यात लांब डब्याच्या कोपऱ्यांना आणि मधोमध पेन्सिली चिकटवायच्या आणि डबा वळणावरून हाताने ढकलायचा. पेन्सिलीची रेघ जिथवर जाते त्याच्या बाहेर भिंत. वळणावर डब्याचं पोट आत जातं आणि कोपरा बाहेर येतो, तो किती येतो हे बघून दीर थक्क झाला.

डोंगराला थर्मोकोल वापरायचा प्रश्नच नव्हता. सजावटीसाठी तो १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे. त्यात हे इंदूर. २०१७ मध्ये स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून इथलं शेंबडं पोरसुद्धा कचऱ्यावरून मोठ्यांना दटावतं. आम्ही जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून आडव्या-उभ्या विणल्या, त्या जाळीवर जुन्या सुती साड्यांचे तुकडे फेव्हिकॉलच्या पाण्यात बुडवून पसरले आणि वर कागदाच्या लगद्याचा थर दिला. पावसाळ्यात हे वाळता वाळत नाही. कॉलनीतल्या एका काकूंनी पापड वाळवायचा टेबलफॅन आणून दिला, तो रात्रभर लावून ठेवायचो.

घाटातला दगड काळा, माळव्याचा बेसाल्ट. पण नुसता काळा रंग दिला की डोंगर कोळशाच्या वखारीसारखा दिसतो. आधी गडद तपकिरी, त्यावर पातळ काळ्याचे ओघळ, आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर फिकट राखाडी. तेव्हा कुठे दगडाला धार आली. माती मात्र अस्सल. पातालपाणीहून पिशवीभर आणली, तव्यावर भाजली आणि मैद्याच्या चाळणीतून चाळली. भाजायची अशासाठी, की ओल्या मातीत किडे असतात आणि दहा दिवसांनी डोंगरातून मुंग्या निघायला नकोत.

झाडांवरून मात्र मंडळात जुंपली. अध्यक्षांना पळसाची लाल फुलं हवी होती. फोटोत उठून दिसतात म्हणे. दिसतात हो, पण पळस फुलतो फाल्गुनात आणि आमचा धबधबा वाहतोय भादव्यात. एकाच डोंगरावर दोन ऋतू कसे दाखवणार? पळसाला हिरवी पानंच ठेवली आणि अध्यक्षांच्या समाधानासाठी सागाला पांढुरका तुरा काढला, कारण साग पावसाळ्यातच फुलतो. झाडांची अंगं वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीची, फांद्या शिंदीच्या झाडूच्या. पानं म्हणजे सुताराकडचा बारीक भुसा, वेगवेगळ्या हिरव्यात रंगवलेला. एकच हिरवा वापरला तर झाडं प्लॅस्टिकची वाटतात. झाडांखालचा पालापाचोळा मात्र वापरून, धुऊन, वाळवलेल्या चहाच्या चोथ्याचा. मंडळाला चोथ्याची कमतरता कधीच नव्हती.

माणसं १:५० आणि १:७५ मधली घेतली. आर्किटेक्चरच्या पोरांसाठी दुकानात तयार मिळतात, पांढरी, ती रंगवायची. १:६० मधली मिळत नाहीत, पण त्याचा फायदाच झाला. मोठी पुढे स्टेशनवर आणि लहान मागे डोंगराच्या वाटेवर ठेवली की दोन फुटांचा देखावा चांगला खोल वाटतो. कालाकुंडाचा कलाकंद पानाच्या द्रोणात विकणारा एक माणूसही बोगद्याच्या बाजूला उभा केला. त्याची टोपली तिळाएवढी. तरी ती पहिल्या संध्याकाळी ओळखली गेली.

धबधब्याचं काम मी कोणालाही करू दिलं नाही. पारदर्शक सिलिकॉन, खिडकीच्या काचांना लावतात तेच, प्लॅस्टिकच्या कागदावर उभ्या रेघांत सोडायचं. ओलं असताना काडीने वरून खाली ओढायचं, पुन्हा पुन्हा, एकाच दिशेने, म्हणजे त्यात धारा पडतात. रात्रभर वाळलं की कागदावरून अलगद सुटतं. हातात येतो तो एक लवचीक, थरथरणारा पडदा. तो कड्याला वरच्या टोकाशी चिकटवायचा, खालचं टोक थोडं सुटं ठेवायचं. मग पांढरा ॲक्रिलिक रंग ब्रशवर घेऊन तो कागदावर पुसून टाकायचा आणि जेवढा उरेल तेवढाच धारांच्या उंचवट्यांवर फिरवायचा. इथे हात जड पडला तर पाणी नाही, चुना दिसतो. खालच्या डोहाला चकचकीत व्हार्निशचे पातळ थर दिले, एक पूर्ण वाळल्यावरच दुसरा. पावसाळ्यातला पातालपाणीचा डोह निळा नसतो, चहासारखा असतो. म्हणून पहिल्या थरात थेंबभर तपकिरी रंग.

खडी घालायचं काम पोरांना दिलं आणि तिथे त्यांनी कमाल केली. दगडाची चुरी चाळून रुळांमध्ये मऊ ब्रशने पसरायची, स्लीपरच्या वर एकही दाणा राहू द्यायचा नाही. मग फवाऱ्याने पाणी, त्यात चमचाभर स्पिरिट, म्हणजे पाणी थेंबांत गोळा न होता झिरपतं. मग एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब, असं मिश्रण ड्रॉपरने सोडायचं. ड्रॉपर टेकवायचा नाही, टेकला की खड्डा. आठवीतली एक मुलगी दोन तास मान खाली घालून थेंब सोडत बसली होती. तिची आई म्हणाली, "गणिताला एवढी बसली असती तर!" काही झालं तरी तिने घातलेली खडी सगळ्यात सरळ आहे.

गाडी आम्हीच बनवली. इंजिन वायडीएम-४, मूळ अमेरिकन आल्को कंपनीच्या डिझाइनचं, पुढे वाराणसीच्या कारखान्यात झालेलं. खाली जुन्या सहा धुरांच्या एचओ इंजिनाचा सांगाडा, वर माउंट बोर्डाचं अंग. खरा डबा १:६० मध्ये फुटाहून लांब होतो आणि आमच्या वळणावर वेडावाकडा दिसतो. म्हणून मधल्या दोन खिडक्या कमी करून डबा आखूड केला. मोजणारा माणूस अजून भेटलेला नाही. बँकर, म्हणजे चढावर मागून रेटणारं इंजिन, नाही हे मात्र एका निवृत्त रेल्वेवाल्या आजोबांनी तालमीतच पकडलं. "कालाकुंडहून चढताना मागे इंजिन लागतं ना हो! ते कुठाय?" मग मागे दुसरं इंजिन जोडलं, पण त्यात मोटर घातली नाही. दोन वेगळ्या मोटरी एकाच व्होल्टेजवर एकाच वेगाने धावत नाहीत, एक ओढते आणि दुसरी रेटते, आणि मधले डबे वळणावर उचलले जातात. नुसता सांगाडा चाकांवर फिरतो. आजोबा खूश.

वायरिंग एका काकांनी केलं. त्यांनी गिरणीत असताना अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या झांक्यांमध्ये, म्हणजे गिरण्यांच्या चित्ररथांमध्ये, हलणाऱ्या पुतळ्यांचं काम वर्षानुवर्षं केलेलं. गिरण्या बंद पडल्या, तरी झांक्या निघतात आणि काकांचा हातही चालू आहे. दिराला सगळं आर्डुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम भरायच्या छोट्या सर्किटवर, हवं होतं. बोगद्यात आणि स्टेशनात सेन्सर, गाडी पोचली की थांबेल, दिशा बदलेल, परत निघेल. काका म्हणाले, "कर की. पण तुझा तो आर्डुइनो झोपला तर गाडी भिंतीवर जाऊन आपटेल, त्याचं काय?" त्यांनी दोन्ही टोकांना एक रूळ कापला आणि तिथे डायोड लावला, जो वीज एकाच दिशेने जाऊ देतो. गाडी त्या तुकड्यात शिरली की पुढचा करंट आपोआप बंद, पण दिशा उलटली की डायोडमधून करंट मिळून गाडी बाहेर येते. ना प्रोग्रॅम, ना सेन्सर. आणि काकांचं भाकीत खरं ठरायला वेळ लागला नाही. मंडपातले हॅलोजन लागल्याबरोबर इन्फ्रारेड सेन्सर गोंधळले, त्या उजेडात त्यांना गाडी असूनही दिसेना. गाडी दोन्ही टोकांना डायोडवरच थांबत राहिली. मग जेल रोडवरून रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ आलं की लागणारे स्विच, आणले आणि इंजिनाच्या पोटाला चुंबक चिकटवलं. चुंबकाला उजेडाशी देणंघेणं नाही.

घाटात टंट्यामामाचं मंदिर आहे. तिथे गाडी क्षणभर थांबते, हे या भागात लहान पोरांनाही माहीत. कोणी म्हणतं ब्रेक तपासतात, कोणी म्हणतं मामाला सलामी. इंग्रजांशी लढलेल्या टंट्या भिल्लाला १८८९ मध्ये जबलपूरला फाशी दिली आणि देह इथे लाइनीजवळ आणून टाकला, असं लोक सांगतात. देखाव्यातही गाडी तिथे थांबलीच पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत. पण चढावर थांबलेली गाडी पुन्हा निघेना, चाकं जागच्या जागी फिरायची. वजन वाढवणं हाच उपाय. टायरवाल्याकडे चाकं बॅलन्स करायला लावतात त्या पाच-दहा ग्रॅमच्या चिकटपट्ट्या इंजिनाच्या आत, मोटरच्या दोन्ही बाजूंना सारख्या लावल्या. वजन एकीकडे झालं तर अर्धी चाकं नुसती फिरतात. त्यानंतर गाडी मामाच्या समोर थांबली आणि निमूट निघाली.

देखावा जमिनीपासून अडीच फुटांवर ठेवला. परदेशातले हौशी लोक मॉड्यूल त्याहून बरेच उंच ठेवतात, म्हणजे गाडी डोळ्यांसमोरून जाते. पण आमचा प्रेक्षक पाच वर्षांचा, त्याच्या डोळ्यांची उंची धरायची. पुढे सहा इंच ॲक्रिलिकची पट्टी, हात आत जाऊ नयेत म्हणून.

हात गेले नाहीत, नाणी गेली. पहिल्याच संध्याकाळी गाडी दरीच्या मध्ये थांबली. मोरटक्क्याच्या पुलावरून नर्मदेत नाणं टाकायची जन्माची सवय लोकांना, इथे तर पूल, पाणी आणि शेजारी गणपती. रुपयाचं नाणं दोन रुळांमधल्या अंतरापेक्षा मोठं, आडवं पडलं की दोन्ही रूळ जोडले जातात आणि शॉर्ट सर्किट होतं. काकांनी हे आधीच ओळखून वाटेत मोटारीच्या ब्रेकलाइटचा बारा व्होल्टचा बल्ब घातला होता. एरवी तो विझलेला असतो, शॉर्ट झालं की सगळा करंट पिऊन पेटतो आणि बाकी काही जळत नाही. टेबलाखाली उजेड दिसला की आमच्यातला एकजण चिमटा घेऊन धावायचा. "नाणी टाकू नका" अशी पाटी लावून उपयोग झाला नाही. धबधब्याच्या पुढे, रुळांपासून लांब, एक पितळी वाटी ठेवली, तेव्हा नाणी तिकडे वळली. ती दानपेटीत जमा केली.

अक्षता आणि झेंडूच्या पाकळ्यांचा त्रास वेगळा. त्या करंट अडवत नाहीत, चाकं अडवतात. आणि धूप-कापराचा धूर रुळांवर बसून रोज एक काळपट थर धरायचा. चाकं आणि रूळ यांच्यामधून वीज जाते ती एवढ्याशा टेकलेल्या जागेतून, तिथे काजळी आली की गाडी धक्के खात चालते. आरतीनंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने रूळ पुसणं हा नेमच झाला. कोरड्या सॅंडपेपरने घासायला आलेल्या एका उत्साही गृहस्थांना मी हात धरून थांबवलं. रुळांवर ओरखडे पडले की काजळी त्यात जास्तच बसते.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिन्ही भाग सुटे केले. झाडं काढून खोक्यात भरली, भागांवर पुठ्ठ्याचे कोट चढवले, आत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या आणि सगळं एका घराच्या माळ्यावर गेलं. धबधबा मात्र उखडून माझ्याकडे आणला, सिलिकॉनवर धूळ फार बसते. पुढच्या वर्षी मोरटक्क्याचा पूल करा, अशी फर्माईश आत्ताच आली आहे. ना चढ, ना बोगदा, सरळ रूळ, म्हणून दीर आनंदात आहे. मी आणि काका सध्या पुलाखाली पितळी वाट्या किती आणि कुठे, एवढंच ठरवतोय.